महामार्गावर थंड, सिग्नलला उकळती: हॉट रॉड कमी वेगात का तापते?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे पुढचे विवेचन कोणत्या गाडीविषयी आहे हे स्पष्ट राहील. आपण ॲरिझोनातील फिनिक्स येथे राहता. आपल्याकडे १९३२ च्या फोर्डच्या धर्तीवर बांधलेला रोडस्टर (उघड्या टपाची गाडी) आहे, म्हणजे जुन्या घाटाच्या बॉडीत ताकदवान इंजिन बसवलेली हॉट रॉड. त्यात ३५० घनइंची शेवरोले स्मॉल ब्लॉक इंजिन, थोडा तेज कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. महामार्गावर ताशी ६० मैलांनी चालताना तापमान ८६ ते ८८ अंश सेल्सियसवर स्थिर राहते. मात्र सिग्नलला किंवा रांगेत अडकल्यावर दहा मिनिटांत काटा ११० पर्यंत चढतो आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की पुन्हा उतरतो. यावर आपण दोनदा रेडिएटर बदलला, दुसऱ्या वेळी महागडा ॲल्युमिनियमचा घेतला, आणि एका मित्राच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर त्याची वाट उघडणारी झडप) काढून टाकला. फरक पडला नाही. आता तिसरा, याहून मोठा रेडिएटर घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

घेऊ नये. मी गेली २६ वर्षे डेट्रॉइटच्या परिसरात जुन्या आणि नव्याने बांधलेल्या गाड्यांची कामे करतो, आणि आपण वर्णन केलेले दुखणे मला दरवर्षी ऑगस्टमध्ये डोळ्यांसमोर दिसते. त्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून ड्रीम क्रूझ भरते. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंतच्या सुमारे १६ मैलांच्या रस्त्यावर हजारो जुन्या गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात, आणि दुपारी दोननंतर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागते. त्यांतल्या बहुतेकांचा रेडिएटर पुरेसा मोठाच असतो.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. आपल्याच आकड्यांवरून ते सिद्ध होते. गाडी महामार्गावर गॅलनमागे १५ मैल जाते, असे आपण लिहिले आहे. म्हणजे ताशी ६० मैलांना ती तासाभरात ४ गॅलन पेट्रोल जाळते. याच आकाराचे इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना नुसते चालू राहून, तासाला साधारणपणे एका गॅलनच्या आतच जाळते. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा पाण्यात उतरतो असे धरले, तर सिग्नलला उभे असताना आपल्या रेडिएटरवर महामार्गाच्या मानाने चौथा हिस्साही ओझे नसते. जो रेडिएटर चौपट उष्णता बिनतक्रार बाहेर टाकतो, तो लहान आहे असे कसे म्हणता येईल? महामार्गावर त्याला समोरून वारा मिळतो आणि सिग्नलला मिळत नाही, एवढाच फरक आहे. कमी वेगात तापणाऱ्या गाडीचा प्रश्न बहुतेक वेळा हवेचा असतो, आणि त्याला जोड असते ती इंजिन आयडलवर गरजेपेक्षा जास्त उष्णता निर्माण करत असल्याची. उलट, जी गाडी शहरात थंड राहते आणि महामार्गावर तापते, तिथे रेडिएटरची क्षमता, पंप, आवळली जाणारी खालची नळी किंवा पेट्रोलचे कमी प्रमाण यांचा संशय घ्यावा. या दोन दुखण्यांची गल्लत झाली की माणूस रेडिएटरवर रेडिएटर बदलत राहतो.

फिनिक्सची हवा या प्रश्नाची धार वाढवते, हेही खरे. तिथे २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सियस किंवा त्याहून वर गेला होता. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील अंतरावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर ते अंतर ७० असते. हवा ४५ वर गेली की ते ५० उरते. तेवढ्याच हवेत काम जवळपास तीस टक्क्यांनी घटते. शिवाय तापलेल्या डांबरालगतची हवा वेधशाळेच्या आकड्यापेक्षा आणखी गरम असते, आणि आपल्या गाडीच्या रेडिएटरची जाळी जमिनीपासून फार उंच नाही. त्यामुळे डेट्रॉइटमध्ये खपून जाणारी चूक आपल्याकडे खपत नाही.

आता पंख्याकडे वळू. आपला पंखा १६ इंची, विजेवर चालणारा, रेडिएटरच्या पुढे बसवलेला आणि हवा मागे ढकलणारा आहे. त्याला श्राउड (हवा सगळ्या जाळीतून ओढली जावी म्हणून पंख्याभोवती बसवलेले कवच) नाही, तो प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट जाळीला बांधलेला आहे. आपण दिलेल्या मापाप्रमाणे जाळी १८ इंच रुंद आणि २२ इंच उंच आहे, म्हणजे ३९६ चौरस इंच. १६ इंची वर्तुळ भरते २०१ चौरस इंच. उभ्या गाडीत जाळीचा जवळजवळ निम्मा भाग हवेविना कोरडा राहतो, आणि पंख्याच्या मधल्या मोटरमागचा भाग धरला तर निम्म्याहून जास्त. महामार्गावर हाच पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत आडवा येतो. त्यामुळे शक्य असेल तिथे पंखा मागे, हवा ओढणारा असावा, आणि त्याला संपूर्ण जाळी झाकणारा श्राउड असावा. श्राउडची खोली पंख्याच्या पात्यांपासून जाळीपर्यंत किमान दोन इंच तरी ठेवावी, म्हणजे कोपऱ्यांतूनही हवा ओढली जाते. जाळीला चिकटून बसलेला सपाट श्राउड दिसायला नीटनेटका दिसतो, पण कोपऱ्यांपर्यंत त्याचा उपयोग पोहोचत नाही. मोठ्या वेगात हाच श्राउड वाऱ्याला अडवू नये म्हणून त्याच्या सपाट भागात रबरी झडपा ठेवतात. त्या वाऱ्याने आपोआप उघडतात.

आपल्या इंजिनावर पाण्याचा पंप आखूड लांबीचा आहे, त्यामुळे पुढे जागा मिळेल. पंप आणि जाळी यांच्यात पाच-साडेपाच इंच मोकळे असतील तर मी विजेच्या पंख्याऐवजी इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा सहा पात्यांचा पंखा सुचवीन. त्याची पाती निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर असावीत, आणि पात्याचे टोक व श्राउड यांच्यात सुमारे एक इंच अंतर असावे, कारण रबरी माउंटवरचे इंजिन जोर लागला की हलते. बांधणाऱ्यांना हा पंखा जुनाट वाटतो. पण त्याला तार लागत नाही, रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) लागत नाही आणि अल्टरनेटरवर त्याचा भार पडत नाही.

विजेचाच पंखा ठेवणार असाल, तर एक तपासणी आजच करावी. गाडी गरम असताना, आयडलवर, दिवे लावून, व्होल्टमीटरची टोके थेट पंख्याच्या प्लगवर लावावीत, बॅटरीवर नव्हे. बॅटरीवर आणि पंख्याच्या प्लगवर मोजलेल्या व्होल्टमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर तार बारीक आहे किंवा अर्थिंग कच्चे आहे. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका गाडीत बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते आणि पंख्याला १०.९ मिळत होते. बांधणाऱ्याने पंख्याचे अर्थिंग फायबरग्लासच्या बॉडीला स्क्रूने पकडलेल्या एका बारीक पत्रीवरून घेतले होते. पंख्याचा वेग व्होल्टेजबरोबर घटतो आणि हवाही त्याच बेताने घटते. मोठे पंखे ३० अँपिअरहून जास्त ओढतात, सुरू होताना तर त्याहून बरेच, म्हणून १० गेजची तार, योग्य रिले आणि चॅसीपर्यंत स्वतंत्र अर्थिंग हवे. अल्टरनेटरवर छापलेला अँपिअरचा आकडा मोठ्या आरपीएमचा असतो. आयडलवर जुन्या घडणीचा अल्टरनेटर त्याच्या निम्मेही देत नाही, आणि पंखा नेमका तेव्हाच लागतो. पंख्याची दिशाही तपासावी. वायर उलट जोडली गेली की ढकलणारा पंखा ओढू लागतो, आणि अशा चुका मी अनुभवी माणसांच्या हातूनही झालेल्या पाहिल्या आहेत.

यापुढची गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. उभ्या गाडीत पंख्याने मागे ओढलेली गरम हवा इंजिनवर आदळते आणि जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडते. रेडिएटरच्या कडा आणि ग्रिलचे कवच यांच्यात फट असेल तर ती हवा त्या फटीतून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच तापलेली हवा परत ओढतो. बाहेर ४० अंश असताना जाळीसमोर ६० अंशांची हवा मी स्वतः मोजली आहे. वुडवर्डच्या तयारीसाठी आलेल्या एका काळ्या कूपेत (बंद टपाच्या दोन दारी गाडीत) तीन रेडिएटर बदलून झाले होते. कवच आणि रेडिएटर यांच्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच फट होती, खाली तर हात सहज जाईल इतकी. बंद पेशींच्या स्पंजच्या पट्ट्या आणि खाली वाकवलेला एक पत्रा एवढ्यावर ती गाडी आयडलला ९३ अंशांवर थांबली. आपल्याकडे ही फट आहे का, हे पाहण्यासाठी उदबत्ती पुरते. इंजिन बंद आणि थंड असावे, पेट्रोलचा वास किंवा गळती नसावी. फक्त पंखा चालू करून पेटती उदबत्ती ग्रिलच्या कडांपाशी हळूहळू फिरवावी. धूर सरळ जाळीत गेला तर ठीक. कडेला धूर आडवा होऊन आतून बाहेर ढकलला जात असेल, तर फट तिथेच आहे. पट्ट्या लावल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

मागे गेलेल्या हवेला बाहेर पडायला वाटही हवी. मूळ फोर्डच्या बॉनेटच्या बाजूंना उभ्या फटींच्या ओळी असत, त्या शोभेसाठी नव्हत्या. आपण सांगता तशा सलग, बिनफटीच्या बाजू, त्यात जाडजूड हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) आणि खाली अरुंद चॅसी असेल, तर गरम हवा फायरवॉलपाशी (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यापाशी) तुंबते आणि पंख्याला समोर दाब भेटतो. एक दिवस बाजू काढून ठेवून त्याच रस्त्याने फिरून पाहावे. काटा पाच-सात अंशांनी खाली राहिला तर उत्तर मिळाले.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे इंजिन आयडलवर किती उष्णता निर्माण करते याकडे येऊ. माझ्या मते आपल्या गाडीतील निम्मे दुखणे इथे आहे. आपला डिस्ट्रिब्युटरचा (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारा डबा, कार्ब्युरेटरच्या त्या छिद्राला जोडलेला आहे, जिथे थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना व्हॅक्यूम नसतो. म्हणजे आयडलवर केवळ मूळ टायमिंग राहते, आणि ते आपण ६ अंश लिहिले आहे (पिस्टन वर पोहोचण्याआधी क्रँकच्या किती अंशांवर ठिणगी पडते, ते टायमिंग). आयडलवर सिलिंडरमधले मिश्रण विरळ असते, त्यात जळलेल्या वायूची भेसळ असते, म्हणून ते हळू जळते. ठिणगी उशिरा पडली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही ते जळतच असते. ही आग एक्झॉस्टच्या पोर्टमधून जाते, पोर्टभोवती पाण्याचे कप्पे असतात, आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती पाण्यात उतरते. जोडीला इंजिन चालू ठेवण्यासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणजे पेट्रोलही जास्त. रात्री अंधारात हेडरची सुरुवातीची टोके मंद लालसर दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर टायमिंग उशिराचे आहे किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे.

हे माझे एकट्याचे मत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून धुराच्या नियमांसाठी अमेरिकी कारखान्यांनी आयडलवर टायमिंग मागे ओढायला सुरुवात केली. जनरल मोटर्सने अनेक गाड्यांत पाण्याच्या वाटेवर एक उष्णतेचा स्विच बसवला. पाणी फार तापले की तो ॲडव्हान्सला थेट इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना मिश्रण पोहोचवणाऱ्या नळ्यांचा) पूर्ण व्हॅक्यूम देई, टायमिंग पुढे सरके आणि इंजिन थंड होई. ज्यांनी हे इंजिन घडवले त्यांचाच हा उपाय आहे.

आपण पुढीलप्रमाणे करावे. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि टायमिंग लाइट लावून मूळ टायमिंग १२ अंशांवर आणावे. मग ३,००० आरपीएमच्या आसपास एकूण टायमिंग ३४ ते ३६ अंशांहून पुढे जात नाही ना, हे पाहावे. जात असेल तर डिस्ट्रिब्युटरमधील, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांचा प्रवास मर्यादित करावा लागेल, आणि हे न पाहता केवळ डिस्ट्रिब्युटर फिरवणे पिस्टनच्या जिवावर बेतू शकते. त्यानंतर नळी मॅनिफोल्डच्या पूर्ण व्हॅक्यूमला जोडावी. आयडलवर एकूण २२ ते २६ अंश मिळाले आणि आरपीएम आपोआप वाढले, तर थ्रॉटलचा स्क्रू मागे घेऊन ते खाली आणावेत आणि आयडलचे मिश्रण पुन्हा जुळवावे. आपला कॅम तेज असल्याने आयडलला व्हॅक्यूम कमी असेल, म्हणून ॲडव्हान्सचा डबा असा निवडावा की आपल्या आयडलच्या व्हॅक्यूमपेक्षा दोन इंच (पाऱ्याच्या मापाने) आधीच तो पूर्ण ओढला जाईल. तसे नसेल तर तो अर्धवट ओढला जाऊन थरथरतो आणि आयडल डळमळते. जोर लावताना ठोके ऐकू आले तर लगेच थांबून टायमिंग तपासावे.

पाण्याच्या फिरण्याविषयी थोडक्यात सांगतो. थर्मोस्टॅट परत बसवावा, ८२ अंशांचा, चांगल्या प्रतीचा, आणि त्याच्या चकतीला ३ मिलिमीटरचे छिद्र पाडून ते वर ठेवावे, म्हणजे भरताना अडकलेली हवा निघून जाईल. थर्मोस्टॅट काढला की पाणी इतके जोरात धावते की त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. जास्त प्रवाहाने उष्णता जास्तच बाहेर पडते. तो काढू नये याचे कारण वेगळे आहे. त्याच्या अडथळ्यामुळे ब्लॉक आणि हेडमधल्या पाण्यावर दाब राहतो, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या सर्वांत गरम जागी वाफेचे बुडबुडे धरत नाहीत.

आपल्या क्रोमच्या पुलींत क्रँकची ६ इंची आणि पंपाची ७ इंची आहे, म्हणजे पंप इंजिनपेक्षा हळू फिरतो. शर्यतीच्या गाडीत ते चालते. रस्त्याच्या गाडीत पंप इंजिनच्या १.१५ ते १.२५ पट फिरावा, पुली बदलाव्यात. आपला पट्टा व्ही-आकाराचा आहे, तेव्हा पंप सरळ फिरणारा असल्याची खात्री करावी. सपाट पट्ट्याच्या पाठीवर फिरणारे उलटे पंप दिसायला तसेच असतात आणि चुकून बसवले जातात.

रेडिएटरचा माथा इंजिनपेक्षा खाली असलेल्या गाडीत हवा इंजिनमध्येच साठते, म्हणून पाणी भरताना पुढची चाके उंच करून भरावे. लहानपणी कोल्हापुरात काकांच्या गॅरेजमध्ये जीपचे पाणी भरताना ते पुढची चाके गटाराच्या कठड्यावर चढवायला लावत. खंबाटकी घाटात उकळलेल्या कितीतरी जीपांचा त्रास तेवढ्यानेच गेला, आणि तो कठडा मला आजही कामाला येतो. पाण्यात निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी ठेवावे. फिनिक्सच्या नळाचे पाणी जड आहे, ते ॲल्युमिनियममध्ये जाऊ देऊ नये. रेडिएटरला १५ पौंड दाबाचे झाकण असेल तर हे मिश्रण सुमारे १२९ अंशांना उकळते. त्यामुळे उन्हाळ्यात काटा ९८ दाखवत असेल आणि तिथे स्थिर असेल, तर तो दोष समजू नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या टाकीतून फिरते, तेही रांगेत उभ्या गाडीत गिअर लागलेला असताना पाणी तापवते. त्याला स्वतःच्या पंख्याचा वेगळा कूलर चॅसीखाली द्यावा, मुख्य जाळीच्या पुढे नव्हे.

काहीही विकत घेण्यापूर्वी मात्र एक मोजमाप करावे. इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत ॲल्युमिनियमचे तापमान चुकीचे, बरेच कमी दिसते. म्हणून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा एकेक तुकडा चिकटवून त्यावर मोजावे. दुपारी, गिअर लावून, ब्रेक दाबून, चाकांना दगड लावून गाडी वीस मिनिटे आयडलवर ठेवावी, एक माणूस स्टिअरिंगवर बसलेला असावा आणि गाडीच्या पुढे कोणी उभे राहू नये. मोजणाऱ्याने बाजूने हात घालून मोजावे. वर १०८ आणि खाली १०४ असा चार-पाच अंशांचा फरक दिसला, तर पाणी फिरते आहे पण हवा उष्णता नेत नाही. वर १०८ आणि खाली ८५ असा वीसच्या वर फरक दिसला, तर हवा काम करते आहे आणि पाणीच मंद आहे. मला पहिला प्रकार अपेक्षित आहे. हे आकडे, पंख्याच्या प्लगवरचे व्होल्ट आणि उदबत्तीचा धूर कुठे वळला, एवढे कळवावे. दुसरा प्रकार निघाला तरच पंप उघडू.